चालून जाईल?

मावशीचा फोन आला, तोही सकाळी सातला. "तू पत्रकार ना? मग जरा दादाला समजाव. सगळी दुनिया एसीत बसून कमावतेय आणि हा रात्र-रात्र रनवेवर खड्डे पाडत फिरतोय!"

फ्रीलान्सर माणसाला रविवारी काम असू शकतं, हे नातेवाइकांना पटवणं महाकठीण. गेले मग.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. इलेक्ट्रिकल इंजिनीअर. विमानतळावर जमिनीत दिवे बसवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला. आपण खिडकीतून बघतो ना, टॅक्सीवेवरची ती हिरव्या ठिपक्यांची रांग? तीच. मला आजवर वाटायचं, त्यात काय एवढं, भोक पाडायचं, दिवा ठेवायचा, वायर जोडायची. संपला विषय!

उडप्याकडे बसल्या-बसल्या हे बोलून दाखवलं आणि दादाने माझ्या उपम्यात चटणीची वाटी खुपसली.

"हा माझा कॅन. स्टीलचा डबा. दिवा यात बसतो. उपमा म्हणजे काँक्रीट. आता सांग, डबा आधी की उपमा आधी?"

नवं काँक्रीट असेल तर डबा आधी. सर्व्हेअर टोटल स्टेशन लावून जागा देतो, डबा फ्रेममध्ये घट्ट पकडतात, वायरचे पाइप जोडतात, वर झाकण. मग त्याच्यावरून काँक्रीट पसरणारं अजस्र पेव्हर मशीन जातं. डबा गडप! काँक्रीट घट्ट झालं की बरोब्बर त्याच जागी वरून गोल कापून तोंड मोकळं करायचं आणि रिंगा टाकून दिवा पातळीत आणायचा. दिवा जमिनीच्या वर जेमतेम सेंटिमीटरभर राहतो, कारण अख्खं विमान त्याच्यावरून जाणार असतं.

"आणि काँक्रीट आधीच टाकलेलं असेल तर?"

"मग कोअर कटिंग. डायमंडचा बिट, वरून पाण्याची धार. वायरसाठी चर कापायचा. भोक धुऊन, पार कोरडं करून दिवा एपॉक्सीत बसवायचा. ओल राहिली तर एपॉक्सी धरत नाही. आणि कटिंगचा चिखल सुकायच्या आत उचलायचा. हे सगळं रात्रीच्या मोजक्या तासांत, कारण पहाटेचं पहिलं विमान कोणासाठी थांबत नाही."

डांबर निदान खरवडून नव्याने टाकता येतं. काँक्रीटचं तसं नाही. पण विमानं जिथे उभी राहतात, सावकाश चालतात, तिथे डांबर वजनाने दबतं, सांडलेल्या इंधनाने खराब होतं. म्हणून तिथे काँक्रीट लागतं. थोडक्यात काय, 'अनडू'चं बटण नसलेला जॉब!

एक गंमत मला जाम आवडली. धावपट्टीच्या मधल्या रेषेचे दिवे अनेकदा बरोब्बर मधे नसतात. काँक्रीटच्या लाद्यांचा सांधा नेमका मधोमध येतो आणि सांध्यावर भोक पाडायचं नसतं. मग अख्खी रांगच एका बाजूला सरकवतात, जास्तीत जास्त ६० सेंटिमीटर. सरकायचं तर सगळ्यांनी, सारखं, एकाच बाजूला.

मी मावशीच्या मुद्द्यावर आले. "दादा, पण हे सोड ना आता. ऑफिसातलं काहीतरी बघ."

तो हसला. मग म्हणाला, "यंदाच्या अप्रेझलमध्ये मला काय लिहून मिळालं माहितीये? टीम प्लेअर नाही."

झालं होतं असं, की टॅक्सीवेच्या एका वळणावर काँक्रीट टाकताना एक कॅन जरासा फिरला. सकाळच्या मोजणीत दादाला ते दिसलं. वरिष्ठ म्हणाले, एकच तर आहे, चालून जाईल. दादाने लेखी कळवलं की चालणार नाही. तो भाग कापून काढावा लागला, डबा नव्याने बसवावा लागला, बिल अडकलं. आणि अप्रेझलमध्ये ती ओळ आली.

"पण एकाच दिव्याने काय होणार होतं रे?"

"कदाचित काहीच नाही. पण दिव्याचा झोत ठरलेल्या दिशेलाच असतो. वळणावर तो फिरला, तर वैमानिकाला रांगेत मधेच अंधार दिसतो. धुक्यात त्याच्याकडे त्या रांगेशिवाय असतं काय?"

मग त्याने मिलानच्या लिनाटे विमानतळाचं सांगितलं. ८ ऑक्टोबर २००१, दाट धुकं. एका छोट्या सेसना विमानाने आर-५ टॅक्सीवे घ्यायचा होता, ते गेलं आर-६ वर. तिथून थेट धावपट्टीवर, उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाच्या पुढ्यात. ११८ माणसं गेली. चूक काही एकाची नव्हती. पण तपासात तिथल्या खुणा, पाट्या आणि दिव्यांची दुरवस्थाही पुढे आली. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, 'चालून जाईल' म्हटलंच असणार.

उपमा गार झाला होता. माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, कारण दोनच दिवसांपूर्वी मी एक फीचर पाठवलं होतं. त्यातला एक आकडा मी पडताळला नव्हता. डेडलाइन होती, आकडा कानाला बरा वाटत होता, आणि मीही मनातल्या मनात तेच दोन शब्द म्हटले होते.

घरी आल्यावर तीन फोन केले. आकडा चुकीचा निघाला. संपादकांना कळवलं, तर पान छपाईला चाललेलं. त्यांनी दुरुस्ती घेतली, पण 'थँक यू' वगैरे अजिबात म्हणाले नाहीत. पुढचं काम मिळेल ना, या टेन्शनमध्ये मी अजून आहे.

मावशीला रात्री फोन केला. म्हटलं, दादा काही नोकरी सोडत नाही.

"तू नीट समजावलंस ना पण?"

"समजावलं गं," मी म्हटलं. "फक्त कोणी कोणाला, ते विचारू नकोस."