किनाऱ्यावरचे घर आणि स्थानिक संस्थेची मोहोर

केरळमधील कोची शहरालगतच्या मरडू येथील उत्तुंग निवासी इमारती ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी नियंत्रित स्फोटांद्वारे जमीनदोस्त करण्यात आल्या. या बांधकामांना २००६ मध्ये तत्कालीन ग्रामपंचायतीने परवाने दिले होते. राज्याच्या किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती मात्र घेण्यात आली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी ही बांधकामे पाडण्याचा आदेश दिला आणि तीनशेहून अधिक सदनिकाधारक बेघर झाले. प्रत्येकास २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याची जबाबदारी प्रथम राज्य सरकारवर आली.

स्थानिक संस्थेच्या एका मोहोरेचे मोल किती असते, हे या प्रकरणाने देशाला दाखवून दिले.

किनाऱ्यावरील घरांसंबंधीचे नियम प्रथम फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने घालून दिले. ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा 'ना-विकास क्षेत्र' ठरला. त्यापलीकडे ५०० मीटरपर्यंत, कोळीवाडे आणि गावठाणांच्या पारंपरिक हक्कांच्या मर्यादेत घरांना मुभा मिळाली. मात्र उंची ९ मीटरपेक्षा अधिक नको, मजले दोनच असावेत, या अटी होत्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली. २०११ च्या जनगणनेनुसार प्रति चौरस किलोमीटर २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र ५० मीटरपर्यंत खाली आणण्याची तरतूद तीत आहे. मच्छीमार कुटुंबांना पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय करता येते. मात्र घराचे जोते, रचना वा दर्शनी भाग बदलता येत नाही.

या अधिसूचनेतील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. स्वतःच्या निवासासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामास स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकते. राज्य प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. मात्र प्रस्ताव किनारा नियमांच्या कसोटीवर तपासणे स्थानिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. वाढत्या कुटुंबासाठी एखादी खोली बांधू इच्छिणाऱ्या मच्छीमाराला राजधानीचे हेलपाटे घालावे लागू नयेत, हा यातील लाभ निर्विवाद आहे.

परंतु अधिकाराबरोबर उत्तरदायित्वही आले. भरतीरेषा कोठे आहे, भूखंड कोणत्या वर्गात मोडतो, हे मंजूर नकाशावरून ठरवावे लागते. अभियंता नसलेल्या ग्रामपंचायतीला हे कसे साधावे? शिवाय नियम अंतर आणि उंची सांगतात. घर वाऱ्याला तोंड देईल का, हा प्रश्न वेगळाच राहतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत असंख्य घरांची कौले व पत्रे उडवून नेले. कमी उंचीची घरे वादळात टिकावीत यासाठी भारतीय मानक ब्यूरोची मार्गदर्शक तत्त्वे २००४ पासून उपलब्ध आहेत. छताचा सांगाडा भिंतींशी आणि भिंती पायाशी घट्ट जखडणे, हे त्यांचे सार आहे. परवानगीच्या अर्जातच या बाबींची तपासणी समाविष्ट केल्यास फारसा खर्च न वाढता अनेक छपरे वाचू शकतील.

७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण गृहनिर्माण हा पंचायतींच्या विषयसूचीत आणला. आता त्यांना अद्ययावत नकाशे आणि तालुका पातळीवर तांत्रिक साहाय्य मिळणे अगत्याचे आहे. अन्यथा चुकीच्या मोहोरेची किंमत मरडूप्रमाणेच अखेरीस घरात राहणाऱ्यालाच मोजावी लागेल.