सातबारा हातात, हद्द कुठे?



बांधावरून वैर नाही असे गाव शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्यात शोधून सापडायचे नाही. सहाशे फूट लांबीचा बांध शेजाऱ्याच्या नांगराने दरसाल अर्धा फूट जरी कोरला, तरी दहा वर्षांत तीन हजार चौरस फूट, म्हणजे पावणेतीन गुंठे रान पलीकडे जाते. सातबाऱ्यावरचा आकडा मात्र तसाच राहतो. सातबारा जमीन कोणाची आणि किती, एवढेच सांगतो. ती कुठून कुठवर, हे सांगतात नकाशा आणि मोजणी.

मोजणी म्हटली की आपल्याला सरकार आठवते, आणि ते खोटे नाही. दौंडशेजारच्या इंदापुरात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनी मोजल्या त्या सारा बसवण्यासाठी. पुढे 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले. कित्येक ठिकाणी कागद हलला, नांगर हलला नाही. एकाची वहिवाट दुसऱ्याच्या गटात राहिली. हा घोळ मिटवायला सरकारला जानेवारी 2023 मध्ये 'सलोखा' योजना आणावी लागली. बारा वर्षे एकमेकांची जमीन कसणाऱ्या दोघांनी राजीखुशीने अदलाबदल केली, तर मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये. योजनेची मुदत तलाठ्याकडे विचारून घ्या.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला. रांजणगाव, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आपल्या डोळ्यांसमोर आहेत. उद्या कालव्यासाठी, रस्त्यासाठी संपादनाची नोटीस आली तर मोबदला क्षेत्रावर ठरेल. त्या दिवशी हद्दीचा वाद असला, तर दोघांचेही पैसे अडकतील आणि पोट भरेल वकिलाचे.

म्हणून मोजणी भांडण पेटल्यावर नको, आधी हवी. अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात करावा. ज्वारी काढली, पऱ्हाट्या उपटल्या की रान मोकळे होते. तेव्हा मोजणी व्हावी या बेताने अर्ज आधीच टाका. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. तरी आपण स्वतः जाऊन त्यांना बोलवा. शक्य असेल तर दोघांनी मिळून खर्च करा. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवा आणि नकाशाची 'क' प्रत घ्या. मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. 1966 च्या जमीन महसूल कायद्याने हद्दीच्या निशाण्या राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे.

एक भ्रम मात्र नको. मोजणीने मालकी ठरत नाही. अतिक्रमण निघाले आणि शेजारी ऐकेना, तर ताब्यासाठी दाद मागावीच लागते. पण तिथे उभे राहायला कागद लागतो.

भावाचा दाम मागणाऱ्या शेतकऱ्याला आपली जमीन कुठे संपते हे ठाऊक हवे. पुढच्या बैठकीला येताना सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा घेऊन या. जमले तर बांधाशेजाऱ्यालाही सोबत आणा.