आकाशाची जागल

१९६५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी पाच-सहा वर्षांचा असेन. वरूडजवळच्या आमच्या शेतात आजोबा संत्र्याच्या बागेची जागल करीत. एका पहाटे त्यांनी मला घोंगडीसकट उचलून बांधावर उभे केले. पूर्वेच्या अंगाला क्षितिजातून पांढरा झोत वर चढला होता. "पाय बाबू, शेंडेनक्षत्र. बोट नोको दाखवू त्याले," आजोबा म्हणाले. पुढे जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजी गेले आणि आमच्या आळीने त्या मरणाची गाठ त्या शेपटीशी मारून टाकली.

त्या धूमकेतूचे नाव 'इकेया-सेकी' हे मला फार उशिरा, बँकेत लागल्यावर कळले. नावामागची माणसे कळली तेव्हा तर मी चकितच झालो. इकेया हा जपानमधल्या पियानोच्या कारखान्यातला तरुण कामगार, दुर्बीण त्याने स्वतः घडवलेली. सेकी गिटार शिकवीत असे. सप्टेंबर १९६५ मधल्या एका पहाटे दोघांनी दोन वेगळ्या गावांतून, काही मिनिटांच्या अंतराने तो पाहिला. वेधशाळा नाही, पदवी नाही. ती दोघांची जागलच होती.

अतिनवताऱ्याचा शोध तर आम्हा बँकवाल्यांना चटकन समजावा असा आहे. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो आणि काही आठवडे आपल्या साऱ्या दीर्घिकेशी तेजाने स्पर्धा करतो. तो शोधायचा म्हणजे कालच्या शिलकेशी आजची शिल्लक ताडून पाहायची. जिथे एक ठिपका जादा दिसेल, तिथे थांबायचे. ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक रॉबर्ट एव्हान्स यांना शेकडो दीर्घिकांचे चेहरे पाठ होते. घरच्या अंगणातून, नुसत्या डोळ्यांनी दुर्बिणीत पाहून, त्यांनी चाळिसांहून अधिक अतिनवतारे टिपले. माझ्या नोकरीत पाच पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत लेजर उलगडत बसलेले सहकारी मी पाहिले आहेत. ही त्याच जातीची माणसे.

आपल्याकडे ही हौस नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. जयंत नारळीकरांनी आपल्या 'धूमकेतू' या कथेचा नायक म्हणून हौशी निरीक्षकच निवडला. पण ही हौस पुण्या-मुंबईची, असे आपण वऱ्हाडात धरून चाललो आणि तिथेच आपली चूक झाली.

कोणी म्हणेल, आता यंत्रे रात्रभर आकाश चाळतात, माणसाचे काय काम? आक्षेप खरा आहे. बहुतेक नवे धूमकेतू आज यंत्रांच्याच नावावर जमा होतात. तरीही २०१६ साली अर्जेंटिनातल्या व्हिक्टर बुसो या कुलपे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने नवा कॅमेरा तपासता तपासता एका ताऱ्याचा स्फोट अगदी पहिल्या क्षणांत पकडला. मे २०२३ मध्ये सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतला अतिनवतारा सर्वांआधी दिसला तो जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकालाच. यंत्र ठरल्या वेळी ठरल्या जागी पाहते. त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधली रात्र अजून माणसाची आहे.

आणि रात्री जागणारी माणसे आमच्या तालुक्यात कमी आहेत काय? माझा पुतण्या आठवड्यातून कितीतरी रात्री मोटार चालू करायला शेतावर असतो, कारण लाईन रात्रीची. ओलित होईपर्यंत त्याच्या डोक्यावर अख्खे आकाश असते. त्यातले नाव मात्र त्याला कुणी एकही शिकवलेले नाही. गावात तर आता आकाशच उरलेले नाही. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू मी आमच्या गच्चीवरून मुलांना दाखवला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा धूमकेतू आला तेव्हा त्याच गच्चीवर चौकातल्या हायमास्टचा उजेड होता. नातवाला घेऊन मला सातपुड्याच्या पायथ्याकडे जावे लागले.

खर्चाचे काही मागत नाही. दिव्यांना वरून टोपी बसवावी, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल. एखाद्या शाळेच्या कपाटात दुर्बीण बंद पडून असेल तर ती बाहेर निघावी. कोजागिरीला आपण चंद्रासाठी जागतोच. हिवाळ्यातल्या एका अमावास्येला नगरपरिषदेने दोन तास हायमास्ट बंद ठेवावेत आणि पोरांनी ताऱ्यांसाठी जागावे. आणि हो, त्या रात्री त्यांना बोट दाखवू द्यावे.