एका हंगामाचा निकाल

‘नीट’चा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात लातूर-नांदेडच्या दवाखान्यांत एक विशिष्ट रुग्ण हमखास येतो. वय अठरा-एकोणीस, तक्रार डोकेदुखीची, छातीत धडधडण्याची किंवा झोप न लागण्याची. आवश्यक त्या तपासण्या आम्ही करतो. बहुतेकदा त्यांत काही आढळत नाही. मग सोबतची आई हलक्या आवाजात म्हणते, ‘‘डॉक्टरसाहेब, याचं वर्ष वाया गेलं हो.’’ या वाक्यावर उतारा शोधताना मला नेहमी फुटबॉलचे संघ आठवतात.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर हे फुटबॉलवेडे शहर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या संघांची नावे वाचली, तर त्यांच्यापुढे ‘तालीम मंडळ’ असे शब्द दिसतात. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेल्या पेठांनीच हा विलायती खेळ आपलासा केला. दरवर्षी हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरते आणि पेठेची इभ्रत पणाला लागते. विजेता अर्थातच एकच. उरलेले सारे संघ हरतात, गल्लीत महिनाभर टोमणे ऐकतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा मैदानात उतरतात. हरला म्हणून पेठ आपला संघ सोडत नाही.

इंग्लंडमध्ये तर पराभवाची रीतसर व्यवस्थाच आहे. तिथे लीगच्या श्रेणींची उतरंड असते. हंगामाअखेर तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालचे अव्वल संघ वर येतात. लँकेशायर परगण्यातील ॲक्रिंग्टन या छोट्या गिरणगावाचा ‘ॲक्रिंग्टन स्टॅनली’ हा क्लब १९२१ साली फुटबॉल लीगमध्ये आला. १९६२ मध्ये ऐन हंगामात, ३३ सामने झाल्यावर, त्याला लीग सोडावी लागली. कामगिरी खालावलेली होतीच. पण क्लब बुडाला तो कर्जाच्या ओझ्याने. त्याचे त्या हंगामाचे सारे निकाल रद्द झाले आणि १९६६ मध्ये क्लबच बंद पडला.

गावाने मात्र १९६८ मध्ये त्याच नावाने नवा क्लब उभारला. तो अगदी खालच्या पायरीपासून खेळत राहिला आणि २००६ मध्ये पुन्हा लीगमध्ये परतला. १९६२ साली त्याच्या रिकाम्या जागी ‘ऑक्सफर्ड युनायटेड’ला घेतले होते; २००६ मध्ये नेमका तोच संघ लीगबाहेर गेला. चार वर्षांनी तोही परतला. स्टॅनली २०१८ मध्ये आणखी एक श्रेणी वर चढला आणि २०२३ मध्ये पुन्हा खाली आला. गावाला याची सवय आहे.

या कथेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की खालच्या श्रेणीत जाणे म्हणजे संपणे नव्हे. दुसरी अधिक गंभीर आहे. क्लब मोडला तो न पेलणाऱ्या ओझ्याने. आपली मुलेही केवळ कमी गुणांनी मोडत नाहीत. शिकवणीची फी, गहाण टाकलेली जमीन, नातेवाइकांचे फोन, शेजारच्या मुलाचे गुण, हे ओझे आपण घरातले लोक त्यांच्या खांद्यावर ठेवत असतो.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी. निकालानंतरचा पहिला आठवडा ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न विचारू नका. मुलासोबत जेवा, त्याचे ऐकून घ्या. पुन्हा परीक्षा द्यायची की वेगळी वाट धरायची, हा निर्णय शांतपणे आणि त्याच्या संमतीने होऊ द्या. पुन्हा तयारी करायची ठरली, तरी वेळापत्रकात रोज एक तास मैदानासाठी राखा आणि आठ तासांची झोप मोडू नका. हा तास अभ्यासातून वजा होत नाही. झोप आणि एकाग्रता यांच्या रूपाने तो परत मिळतो.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, जेवणावरची वासना उडाली, मूल एकटे राहू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द निघाले, तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

परवा अशाच एका आईला मी म्हणालो, ‘‘ताई, वर्ष वाया नाही गेलं. एक हंगाम हरलाय तो.’’ मुलगा तोवर खाली मान घालून बसला होता. त्याने पहिल्यांदाच वर पाहिले आणि विचारले, ‘‘सर, मैदानावर कधीपासून जाऊ?’’ मी म्हणालो, ‘‘आज संध्याकाळपासून.’’