पर्यायी इंधनाची धरसोड

सीएनजी किंवा एलपीजीवर चालणारी नवी खासगी मोटार ज्यांनी १ जुलै २०२५ नंतर महाराष्ट्रात नोंदवली, त्यांना आदल्या महिन्यातील खरेदीदारांपेक्षा एक टक्का अधिक मोटार वाहन कर भरावा लागला. तोपर्यंत या मोटारींवर किमतीनुसार सात ते नऊ टक्के एकरकमी कर होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो एका टक्क्याने वाढविण्याचा निर्णय झाला आणि त्यातून सुमारे १५० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित धरण्यात आले. नऊ लाखांच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्क्यांप्रमाणे ९९ हजार रुपये कर लागत असताना तेवढ्याच किमतीच्या सीएनजी मोटारीला ६३ हजार लागत. वाढीनंतर ते ७२ हजार झाले. म्हणजे सवलत उरली, पण ३६ हजारांची २७ हजारांवर आली.

रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. तथापि, अवघ्या तीन वर्षांपूर्वी याच राज्याने नेमके उलटे पाऊल टाकले होते. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी सीएनजीवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून थेट तीन टक्क्यांवर आणला. तिजोरीला त्यापोटी सुमारे ८०० कोटींची झळ बसेल, असे तेव्हा सांगण्यात आले. १ एप्रिल २०२२ रोजी मुंबईत सीएनजी किलोमागे सहा रुपयांनी उतरून ६० रुपयांवर आला. रिक्षाचालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला न टाकला तोच, त्याच दिवसापासून केंद्राने ठरविलेला देशांतर्गत नैसर्गिक वायूचा दर दर दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटमागे २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला. एप्रिलचा मध्य उजाडेपर्यंत मुंबईतील सीएनजी ७२ रुपयांवर पोहोचला होता. राज्याने डाव्या हाताने दिलेले केंद्राच्या दरपत्रकाने उजव्या हाताने काढून घेतले. करकपात झाली नसती तर दर आणखी चढला असता, एवढेच समाधान.

आपल्याकडे स्वच्छ इंधन मुळात सवलतींमुळे आले नाही, न्यायालयांमुळे आले. दिल्लीतील बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै १९९८ चा. मुंबईत ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरम’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने लाल समितीच्या शिफारशी विचारात घेऊन २००१ मध्ये जुन्या टॅक्सी व रिक्षा स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. त्या काळात पंपांची संख्या तुटपुंजी असल्याने गॅससाठी तासन् तास रांगेत उभ्या राहिलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी अनेक मुंबईकरांना आठवत असतील. पुण्यात महापालिकेने सीएनजी संच बसविणाऱ्या रिक्षाचालकांना प्रत्येकी १२ हजार रुपयांचे अनुदान दिले, हा स्थानिक पातळीवरील चांगला अपवाद. कोलकात्यात सीएनजीची वाहिनीच नव्हती. तेथे उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानंतर दोन-स्ट्रोक रिक्षांची जागा एलपीजीवरील रिक्षांनी घेतली.

या एलपीजीची, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनच्या मिश्रणाची, कथा मात्र अधिक उपेक्षेची आहे. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने २००० मध्ये वाहनांसाठी एलपीजीचा वापर कायदेशीर झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या विक्री-वापराचे नियमन करणारा केंद्राचा आदेश निघाला. त्याआधी घरगुती सिलिंडरमधून मोटारीत गॅस भरण्याचा चोरटा आणि जीवघेणा प्रकार सर्रास चालत असे. कायदा झाल्यावरही तो पुरता थांबला नाही, कारण घरगुती गॅस आणि पंपावरील गॅस यांच्या दरात अंतर राहिले.

वस्तू व सेवा करातही हे अंतर कायम राहिले. घरगुती सिलिंडरला पाच टक्के, तर वाहनांच्या एलपीजीला १८ टक्के. येथे एक घटनात्मक गुंता आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू, कच्चे तेल आणि विमानाचे इंधन ही पाच उत्पादने २०१७ मध्ये वस्तू व सेवा करातून बाहेर ठेवण्यात आली. त्यामुळे सीएनजीवर किती कर लावायचा, हे राज्य ठरवू शकते. एलपीजी त्या पाचांत नाही. एखाद्या राज्याला उद्या वाटले की वाहनांचा एलपीजी स्वस्त करावा, तरी ते एकट्याने दर कमी करू शकत नाही, त्याला परिषदेत जावे लागते. राज्याच्या हाती उरतो तो फक्त वाहनावरील कर. आणि महाराष्ट्राने नेमका तोच वाढविला, तोही सीएनजीबरोबर एकाच ओळीत.

एलपीजी हे संपणारे इंधन आहे, त्याची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न मुंबईत बसून सहज विचारता येतो. नागपुरात बसून तो तितका सहज सुचत नाही. २०२२ मध्ये तेथे सीएनजी किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, कारण वाहिनी नसल्याने गॅस द्रवरूपात गुजरातमधून टँकरने आणावा लागत होता. वाहिनी असलेल्या मुंबईलाही १६ नोव्हेंबर २०२५ रोजी धडा मिळाला. ट्रॉम्बे येथे आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य वाहिनीचे नुकसान झाले, सीएनजी पंप बंद पडले आणि रिक्षा-टॅक्सी जागच्या जागी थांबल्या. पंपावर टँकरने पोहोचणारे, ठरावीक वाहिनीवर न विसंबणारे दुसरे इंधन हाताशी असणे ही चैन नव्हे.

शासनाचा सारा भर आता विजेवर आहे आणि दीर्घकाळाचा विचार करता तो योग्यही आहे. पण तेथेही धरसोड सुटलेली नाही. जुलै २०२१ च्या धोरणाने ई-मोटारींना दीड लाखापर्यंत प्रोत्साहन देऊ केले, तेही पहिल्या दहा हजार मोटारींपुरते. मार्च २०२५ मध्ये ३० लाखांवरील ई-मोटारींवर सहा टक्के कर प्रस्तावित झाला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधान परिषदेत जाहीर केले. त्यातून उत्पन्न फारसे मिळणार नाही आणि संदेश चुकीचा जाईल, हे त्यांचे कारण पटण्यासारखे होते. सीएनजी-एलपीजीवरील वाढीला तेच कारण का लागू झाले नाही, हे कोणी विचारले नाही. महागड्या मोटारींचे ग्राहक मोजके असतात, पण त्यांचा आवाज लवकर पोहोचतो.

मे २०२५ चे नवे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे आणि त्यासाठी १,९९३ कोटींची तरतूद जाहीर झाली. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आणि समृद्धी महामार्गावर ई-मोटारींना टोलमाफी हे त्यातील सर्वांत लोकप्रिय कलम. अटल सेतूवर ते लागू व्हायला २२ ऑगस्ट उजाडला. त्यानंतरही फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये नागपूर अधिवेशनात विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना, आठ दिवसांत अंमलबजावणी करा आणि घेतलेला टोल परत द्या, असे शासनाला बजावावे लागले.