हवेतले आकडे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण माणसाशी नाही, एका आकड्याशी आहे. पंधरा.

पाऊस सुरू झाला की पुण्या-मुंबईहून मोठ्या बाइक्सचे जथे जुन्नर-आंबेगावकडे निघतात. नाणेघाट, हडसर, डिंभे धरणाच्या मागचं आहुपे... डांबर संपलं की सगळे उतरतात, चाकाशी वाकतात आणि सूंऽऽ करून हवा सोडतात. किती? "ऑफरोड ना? मग पंधरा!" पंधराच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हिडिओत बघितलंय."

(घरच्या मंडळींसाठी: टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. हा आकडा तोच. कंटाळू नका, पुढे मुद्दा फक्त टायरचा राहणार नाही.)

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नसतो. पण तो वाळवंटात उभा असतो. वाळूत चाक रुतू नये म्हणून टायर पसरट करावा लागतो, आणि त्यासाठी बरीच हवा सोडावी लागते. वाळूत चाकाला आपटायला काही नसतं. आपल्याकडे काय आहे? सह्याद्रीचा काळा कातळ, धारदार दगड आणि मधूनमधून पावसाने उघडी पडलेली खडी. इथे कमी हवेचा टायर दगडावर आदळला की पार दबतो, आणि दगड व रिम यांच्या कात्रीत ट्यूब सापडते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. रिम वाकते ती वेगळीच. ट्यूबलेस असेल तर ट्यूबचा प्रश्न नाही, पण रिमची कड वाकली की हवा एका दमात जाते आणि तिथे पंक्चरची वात काही कामाची नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. शंभर-एकशेदहा किलोच्या डर्ट बाइकवर बारा-पंधरा पीएसआय चालतं. गाडी हलकी असते, आणि टायर रिमवर फिरू नये म्हणून आत रिम लॉक बसवलेलं असतं. आपल्या ॲडव्हेंचर बाइक्सना ते सहसा नसतं. हिमालयन ४५० घ्या, १९६ किलो. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस घ्या, २४९ किलो. त्यावर माणूस, बॅगा, तंबू आणि चहाचं सामान :) एवढं ओझं आणि एवढी ताकद असलेल्या गाडीत हवा फार कमी केली, तर ॲक्सिलरेटर पिळल्यावर रिम फिरते आणि टायर मागे राहतो. मग टायरबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. त्याला ठिगळ लागत नाही.

मग हवा सोडूच नये का? तसं नाही. "कंपनीने सांगितलंय तेवढीच" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, आणि पंपावर सरसकट चाळीस मारून येणाऱ्यांशी तर जास्तच. साधा हिशेब करू. मागच्या चाकावर १५० किलो भार धरा. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर जमिनीला टेकलेला भाग निघतो सुमारे ६७ चौरस सेंटिमीटर. हवा २२ वर आणली की तोच होतो सुमारे ९७. टायरची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळते. जमीन जास्त धरली की चाक कमी घसरतं.

आता हे घसरणं फक्त तुमचं नसतं. टम्म फुगलेलं चाक चिखलात जागच्या जागी फिरतं आणि खोल चाकोरी पाडतं. पुढचा पाऊस त्याच चाकोरीतून वाहतो आणि रस्ता आणखी खातो. आपण संध्याकाळी फोटो टाकून मोकळे. त्या वाटेने सकाळी कुणी दुधाची कॅन घेऊन जाणार असतं, कुणी शाळेत, कुणी आजारी माणसाला घेऊन घोडेगावला. त्यांच्याकडे शंभर सीसीची गाडी असते आणि 'ट्रेल' हा शब्द नसतो. त्यांच्यासाठी तो रस्ता असतो.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी गाडीवर लिहिलेला आकडा बघा. जीएसला तो पुढे ३६, मागे ४२ आहे, हिमालयनचा त्याहून बराच कमी. म्हणजे दोघांना एकच 'ऑफरोड आकडा' देणं हा मुळातच वेडेपणा. मुरूम आणि चिखल असेल तर आपल्या आकड्याच्या पाचवा हिस्सा कमी करा, म्हणजे ३२ चे साधारण २६. सगळा दगडच असेल तर त्याहून कमी सोडा आणि वेग उतरवा, कारण दगडावर रिम वाचवतो तो वेग. मागे कुणी बसलं असेल किंवा बॅगा भरल्या असतील तर मागच्या चाकाला हात लावताना दोनदा विचार करा. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, हे या भागातल्या पोरासोरांना कळतं. आपल्याला तीन बॅगा मागे लटकवताना कळत नाही.

आणि मोजा! अंगठ्याने दाबून "ठीके" म्हणणं हे मोजणं नव्हे. सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा. पुण्याहून जुन्नर नव्वदेक किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंत टायर तापून तीन-चार पीएसआय वाढलेले असतात. तिथे गेज लावून "२६ वर आणलं" म्हणालात, तर गार झाल्यावर ते २२-२३ असणार. तापलेल्या टायरमधून ठरलेले सहा सोडा, ठरलेल्या आकड्यावर आणू नका. पंप नसेल तर हवा सोडूच नका. नारायणगावहून नाशिक रोडला लागून तशाच मऊ टायरवर नव्वदने घरी येणं म्हणजे टायर आतून भाजत नेणं आहे.

शेवटचा मुद्दा, आणि खरं भांडण इथे आहे. हवा सोडली की कुठेही चढता येतं, असा एक समज पसरलाय. त्यातून मग गाड्या भाताच्या बांधावर जातात, किल्ल्यांच्या उतारावर जातात, भीमाशंकर अभयारण्याच्या कडेने वाट नसलेल्या जागी घुसतात. १९८५ पासूनचं अभयारण्य आहे ते, शेकरूचं घर. तिथे कुठलाच पीएसआय बरोबर नाही. आणि गाडी रुतल्यावर अडीचशे किलोचं धूड उपसायला धावतात कोण? लावणी सोडून आलेली गावातली माणसं. त्यांच्याच खाचरातून!

नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून लादलेली जनावरं कोकणात उतरत होती. ओझं किती आणि वाट कशी, हे दोन्ही बघितल्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकलं नसेल. आपल्यालाही तेवढंच बघायचं आहे. योग्य हवा, हळू वेग आणि तरीही गाडी चढत नसेल, तर आणखी हवा सोडू नका. ती जागा तुमच्या गाडीची नाही. स्टँड लावा, चहा प्या आणि गाडी वळवा.

पटत नसेल तर खाली भांडायला या. फक्त येताना आकड्यासोबत गाडीचं वजन आणि वाटेचा दगड दोन्ही घेऊन या.