‘वाइफ’ म्हणजे विणणारी?

गेल्या महिन्यांत एका कन्याशाळेच्या बक्षीससमारंभास जाण्याचा योग आला. अध्यक्ष विद्वान् होते. वाणीही रसाळ होती. बोलण्याच्या भरांत त्यांनीं सांगितलें कीं, इंग्रजींतील ‘वाइफ’ हा शब्द ‘वीव्ह’ म्हणजे विणणें या क्रियापदापासून निघाला आहे. पत्नी ही संसाराचें वस्त्र विणणारी. पुरुष उभे धागे ताणून देतो आणि स्त्री त्यांतून प्रेमाचा आडवा धागा फिरविते. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या शेजारीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तर हें वाक्य खिशांतील वहींत टिपून घेतलें. शिष्टाचार म्हणून आम्हीही दोन टाळ्या वाजविल्या. त्यांचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

ही व्युत्पत्ति अध्यक्षांच्या पदरची नव्हे. ती चांगली जुनी व प्रतिष्ठित आहे. जॉन रस्किन यांनीं १८६६ च्या ‘द एथिक्स ऑफ द डस्ट’ या पुस्तकांत ती मोठ्या गोडीनें मांडली आहे. पुस्तक वस्तुतः स्फटिकांविषयीं आहे, आणि तें ‘चिमुकल्या गृहिणीं’ना उद्देशून लिहिलेलें आहे. स्फटिकांच्या शास्त्रांत पत्नीधर्म कोठून शिरला, असें रस्किनची लेखणी ज्यांस ठाऊक आहे ते विचारणार नाहींत. परंतु थोर पुरुषाच्या तोंडून आली म्हणून व्युत्पत्ति खरी ठरत नाहीं. जुन्या इंग्रजींत विणण्यास ‘वेव्हन’ म्हणत आणि स्त्रीस ‘वीफ’ म्हणत. कानाला दोन्ही जवळचे वाटतात खरे. पण पहिल्यांतील ऱ्हस्व स्वर आणि दुसऱ्यांतील दीर्घ ‘ई’ यांची सांगड त्या भाषाकुलाच्या स्वरनियमांत बसत नाहीं. ‘वीफ’चें मूळ काय, याचा निर्णय पंडितांस अद्याप करतां आलेला नाहीं, आणि चांगल्या कोशकारांनीं तसें प्रामाणिकपणें लिहूनही ठेविलें आहे. ‘वीव्ह’ला नातेवाईक हवाच असेल तर तो आपल्या संस्कृतांत सांपडेल. कोळ्याला ‘ऊर्णवाभि’ म्हणतात, म्हणजे लोंकर विणणारा. त्यांतील ‘वाभि’ आणि इंग्रजी ‘वीव्ह’ हीं एकाच घरचीं. पण कोळ्याच्या नात्यावर बक्षीससमारंभांत टाळ्या मिळत नाहींत.

शिवाय ‘वीफ’ म्हणजे पत्नी, हा मूळ अर्थच नव्हे. मूळ अर्थ नुसता बाई असा. मासे विकणारी ती ‘फिशवाइफ’, बाळंतिणीपाशीं असणारी सुईण ती ‘मिडवाइफ’. यांत कोणाचा नवरा कोठेंही येत नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या शब्दावर स्त्रीत्वाचा एवढा महाल उठविला, तो जुन्या इंग्रजी व्याकरणांत नपुंसकलिंगी होता!

येथें कोणी म्हणेल, व्युत्पत्ति खोटी असली तरी गोड आहे. त्यानें कोणाचें काय बिघडलें? आमचें म्हणणें असें कीं, पुष्कळ बिघडलें. या गोड खोट्यानें एक कडू खरें झाकून ठेविलें आहे.

विणणाऱ्या बाईला जुन्या इंग्रजींत स्वतःचा शब्द होता, आणि तो ‘वाइफ’ नव्हता. विणणारा पुरुष तो ‘वेब्बा’ आणि विणणारी स्त्री ती ‘वेब्बेस्त्रे’. यांतला ‘एस्त्रे’ हा त्या काळचा स्त्रीवाचक प्रत्यय. आपल्या ‘विणणारी’, ‘शिवणारी’ यांतील ‘णारी’सारखा. पाव भाजणारी, कपडे शिवणारी, गाणारी, अशा अनेकींच्या नांवांत तो दिसतो. म्हणजे या बायका अमक्याच्या कोण म्हणून नव्हे, तर अमुक काम करतात म्हणून ओळखल्या जात. पुढें उत्तरेकडे हा प्रत्यय पुरुषांनाही लागूं लागला, त्यांतील स्त्रीत्व पुसलें गेलें, आणि ‘वेब्स्टर’ हें बापाकडून मुलाकडे जाणारें आडनांव होऊन बसलें. बॅक्स्टर व ब्रूस्टर हीं त्याच पंक्तीचीं. १८२८ सालीं अमेरिकेंत ज्या नोआ वेब्स्टरनें आपला थोरला कोश प्रसिद्ध केला, त्याचें आडनांव मुळांत विणकरणीचें होतें.

प्रत्यय झिजणें ही भाषेची नैसर्गिक गति आहे, तीबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. पण हातांतून माग काढून घेणें ही कांहीं नैसर्गिक गति नव्हे. १४६१ सालीं ब्रिस्टल शहरांत विणकरांच्या धंद्यासाठीं नियम झाला कीं, कोणीही आपली बायको, मुलगी किंवा दासी हिला मागाच्या कामास लावूं नये. कारण काय दिलें? तर यामुळें राजाच्या लढाईंत उपयोगी पडणारे पुरुष बेकार होऊन भटकत आहेत. वाचकांनीं हें कारण नीट पाहावें. बायकांस विणतां येत नाहीं असें कोणीही म्हटलें नाहीं. त्या विणतात, हीच तक्रार होती.

विणकाम असें आवळत गेलें; तिच्याकडे मोठ्या प्रमाणावर राहिलें तें सूत कातणें. एका मागाला पुरेल इतकें सूत देण्यास अनेक कातणाऱ्या लागत, मजुरी तुटपुंजी असे, आणि घरोघर हें काम चाले. कातणारी ती ‘स्पिन्स्टर’. त्याच जुन्या प्रत्ययाची दुसरी लेक. हा शब्द इतका सार्वत्रिक झाला कीं, सतराव्या शतकांत तो अविवाहित स्त्रीच्या नांवापुढें लिहावयाचा कायद्याचा शब्द बनला. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत कातणारी व कुमारिका हे दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं नांदत आहेत. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच हारग्रीव्ह्जची ‘जेनी’ व आर्कराइटचें पाण्यावर चालणारें यंत्र आलें आणि घरांतलें कातकाम हळूहळू उठून गेलें. मजुरी गेली, मागें राहिला तो शब्द, आणि त्याला चिकटलेला उपहास. आपल्या बोटांवर पोट भरणारी, हा ज्याचा अर्थ, त्याचा अर्थ कोणींही न पत्करलेली असा झाला. इंग्लंड व वेल्समध्यें विवाहनोंदणीच्या पुस्तकांतून हा शब्द निघावयास २००५ चा डिसेंबर उजाडावा लागला. आतां तेथें स्त्री-पुरुष दोघांनाही ‘सिंगल’ असा एकच शब्द लिहितात.

एकाच प्रत्ययाच्या या दोन लेकी. एक पुरुषाचें आडनांव होऊन कोशाच्या कातडी पाठीवर सोनेरी अक्षरांत बसली. दुसरी चेष्टेचा विषय झाली. जिच्या अंगीं धंदा होता, तिच्या धंद्याचीं दोन्ही नांवें अशीं वाटेस लागल्यावर रस्किनसारखे लोक येऊन म्हणतात, बाई ग, तूं जातीचीच विणणारी! माग गेल्यावर ही पदवी घेऊन तिनें काय करावें? आणि यांत आणखी एक मेख आहे. विणणें हा तिचा धंदा असेल तर त्याची मजुरी द्यावी लागते. तो तिचा स्वभाव ठरविला कीं नुसत्या कौतुकावर भागतें.

हें सर्व साहेबाच्या देशांतलें, आपणांस काय त्याचें, असें म्हणण्याची सोय नाहीं. अध्यक्षांचें वाक्य मराठींत झालें व टाळ्याही मराठी हातांच्या होत्या. आपल्याकडे ‘कोष्टीण’ म्हणजे विणणारी बाई, का कोष्ट्याची बायको? ‘मास्तरीण’ म्हणजे शिकविणारी, का मास्तरांच्या घरची? शब्द ऐकून नेमकें सांगतां येत नाहीं, आणि हा आपला ‘ईण’ प्रत्यय इंग्रजांच्या प्रत्ययाहून फारसा सरळ नाहीं. हातमागाच्या घरांत धोट्याला लागणाऱ्या कांड्या भरतें कोण? बहुतेक घरांतली बाईच. कांडी भरलेली नसेल तर धोटा रिकामा धांवेल, पण मजुरीचा हिशेब होतो तो मागावर बसणाऱ्याच्या नांवें. येवल्यास हल्लीं बायकाही मागावर बसून पैठणी विणतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांस मात्र कोणी ‘संसाराचें वस्त्र’ वगैरे सांगूं गेल्यास त्या प्रथम लुगड्याचा भाव विचारतील, असा आमचा समज आहे.

हें सारें आम्हीं अध्यक्षमहाशयांस पत्र लिहून नम्रपणें कळविलें. त्यांचें उत्तर लगेच आलें, व तें सौजन्यपूर्ण होतें. ‘वाइफ’ आपण सोडून दिला, पुढील खेपेस ‘दुहिता’ घेऊं, असें ते लिहितात. कन्या म्हणजे घरांत दूध काढणारी, हा अर्थ मुलींना फार आवडेल अशी त्यांची खात्री आहे. यास्काच्या निरुक्तांत ही व्युत्पत्ति आहे खरी. पण ती तेथें शेवटची आहे. तिच्या आधीं त्यानें आणखी दोन दिल्या आहेत, आणि त्यांपैकीं एकीप्रमाणें दुहिता म्हणजे दूर असली तरच हिताची. भाषणापूर्वीं अध्यक्षांनीं तें पान उघडून पाहावें, एवढेंच आम्हीं उलट टपालीं कळविलें आहे.